एकाच नावाची फ्रेम

मी एक जुनी फ्रेम आहे, मित्रांनो. फोटोची फ्रेम. आता लगेच 'अरेरे, बिचारी' म्हणून तोंड पाडू नका, मला कीव आवडत नाही. सागवानी अंग आहे माझं. वाळवीने एकदा दात लावून बघितले, तिचेच पडले. सभागृहाच्या दारातून आत आलात की डाव्या भिंतीवर, पंख्याच्या बटणांच्या वर मी दिसेन. या हॉलमध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धा होतात, रक्तदान होतं, लग्नं होतात आणि लग्नातली भांडणंही होतात. सगळं मी बघितलंय. भिंतीवर टांगलेलीला दुसरं काम काय?

फ्रेम व्हायच्या आधी मी जिन्याचा कठडा होते. चढताना माणसांचा हात हलका पडायचा, उतरताना जड. वर गेलेले सगळेच खाली आले नाहीत, तेही मला आठवतं. पुढे ते घर पाडलं आणि त्यातलं धडधाकट लाकूड एका सुताराने उचललं. हा सुतार कामाला चोख, पण डोक्याने गरम. माझे तीन कोपरे त्याने असे जुळवले की नखही जाणार नाही. चौथ्याला घाई केली आणि फट राहिली. मग भुसा आणि सरस कालवून बुजवली. बायकोला विचारलं, "कोपरा दिसतोय का गं?"

ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत म्हणून दिसला."

मला सभागृहासाठी बनवलं होतं, गावातल्या एका डॉक्टरांच्या फोटोसाठी. खाली पितळी पट्टी बसवायची होती नावाची. नाव कोरणाऱ्याने झोकात मोठी मोठी अक्षरं काढायला घेतली आणि डॉक्टरांचं पहिलं नाव संपलं तिथे पट्टीही संपली. आडनावाला जागाच उरली नाही. तेव्हाचे अध्यक्ष तापले. कोरणारा काही कमी नव्हता. म्हणाला, "साहेब, एवढ्या मोठ्या माणसाला आडनाव लागतं का?" साहेबांनी पैसे मोजले. पट्टी बसली. कुणी चोरू नये म्हणून स्क्रूंची डोकीसुद्धा घासून सपाट केली. आता ती पट्टी काढायची तर मला फोडावं लागेल.

नाव साधंच होतं. बाईला चालतं, बुवालाही चालतं. भर बाजारात हाक मारली तर चार माना वळतील असलं.

तर हे डॉक्टर. तापाची साथ आली तेव्हा अर्धं गाव निघून गेलं, आणि दवाखान्याच्या बंद वॉर्डात हे आत राहिले. दार बाहेरून लावून घेतलं आणि खिडकीतून बायकोला सांगितलं, "जेवण चौकटीवर ठेव, हात आत घालू नकोस." वॉर्डातली बरीचशी माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर आली. डॉक्टर आले नाहीत. त्यांचा फोटो त्याआधीच कधीतरी काढलेला. झुपकेदार मिशी, कडक कॉलर. पण नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला आहे. स्टुडिओत कुणीतरी खोकलं होतं म्हणे.

मला टांगलं त्या पहिल्याच आठवड्यात हॉलमध्ये एक आई आपल्या पोराला शोधत होती. त्याचं नावही तेच. तिने हाक मारली आणि माझ्या काचेला आतून धक्का बसला. बारीकसा, कुणी खुर्चीवरून चटकन उठावं तसा. डॉक्टर उठले होते. पेशंट आला असं वाटलं असेल त्यांना. पोरगं सापडलं, आई निघून गेली, पण डॉक्टर बराच वेळ तसेच उभे होते. मला कळत होतं. काच कुठे गार पडते आणि कुठे नाही, हे फ्रेमला कळतं.

लोकांना ताप विसरायला फार काळ लागला नाही. वीस-बावीस वर्षं गेली आणि गावाला एक गोलकीपर मिळाला. वखारीत लाकडं उचलणारा माणूस, पंजे म्हणजे फावडी. मोठ्या सामन्यात त्याचं बोट मोडलं. त्याने बुटाची नाडी काढून ते शेजारच्या बोटाला बांधलं आणि एका पायात सैल बूट घालून शेवटची पेनल्टी अडवली. बस उलटून तो गेला तेव्हा सगळं गाव रडलं. सभागृहात बैठक झाली, की याचा फोटो लावायचा.

नवे अध्यक्ष हिशेबी होते. म्हणाले, "नवी फ्रेम कशाला? नाव तेच आहे. हिच्यातच घाला."

रखवालदाराने विचारलं, "मग आतल्या डॉक्टरांचं काय करू?"

"राहू दे की मागे. पुठ्ठ्याचं काम होईल."

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला राग यायला नको. पण आला. वॉर्डाचं दार बाहेरून लावून घेणारा माणूस, त्याला पुठ्ठा केला.

तिथून रिवाजच पडला. या नावाचं कुणी मोठं झालं आणि मेलं, की पट्टी तयारच आहे, घाला आत. आधीचं माणूस काढायचं नाही, मागे सरकवायचं. गोलकीपरच्या पुढे गाणाऱ्या बाई आल्या. त्या रेडिओवर गायच्या. सुरुवातीला कापडाच्या गिरणीत होत्या आणि यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून गायची सवय लागली, म्हणून रेडिओवाले त्यांना माइकपासून चार हात लांब उभं करायचे. शेवटी घशाचं दुखणं झालं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या या हॉलमध्ये येऊन गायल्या, तिकीट न लावता. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "टाळ्या वाजवू नका, मला शेवटचा सूर ऐकायचाय." त्यानंतर बाई जगल्या, पण बोलल्या नाहीत. गेल्या तेव्हा माझ्यात आल्या.

तीन माणसं आणि एक काच. पुढच्याच्या पाठीवर मागच्याचं नाक. पावसाळ्यात भिंत पाझरायची आणि ओल माझ्या पाठीतून आत शिरायची. एका वर्षी बाईंच्या ओठांवर काळसर डाग उमटला. मागच्या डॉक्टरांची मिशी पुढे झिरपली होती. पोरं हसायची, "बाईंना मिशी फुटली." मग बाईंच्या खांद्यांवर दोन रुंद पंजे उमटायला लागले. तेव्हा कुणी हसलं नाही. माझ्याखाली खुर्ची ठेवायचं लोकांनी बंद केलं.

आणि हाक मारली की तिघेही उठायचे. नाव इतकं नेहमीचं, दिवसातून कुणी ना कुणी मारायचंच. डॉक्टर उभे राहायचे. गोलकीपर डावीकडे झेप घ्यायचा, त्याचा धक्का सगळ्यात मोठा. बाई घसा साफ करायच्या, पण आवाज यायचा नाही, नुसती काच झिणझिणायची. मग ज्याला हाक मारली तो बाहेरून "आलो" म्हणायचा, आणि आतले तिघे पुन्हा खाली बसायचे. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, मोजवत नाही. तुमच्या नावाने कुणी दुसऱ्याला बोलावलं आणि तुम्ही फुकट उठलात, की कसं वाटतं? त्यांना रोज तसं वाटायचं.

आता लाँड्रीवालीच्या मुलीचं सांगते.

लाँड्री हॉलच्या समोरच आहे. बाई एकटी चालवते. तिच्या दोन्ही मनगटांवर इस्त्रीच्या चटक्यांच्या रेघा आहेत. हॉलचे पडदे आणि टेबलांची कापडं तीच धुते. तिच्या मुलीचं शाळेतलं नाव माझ्या पट्टीवरचंच, पण घरी तिला खारू म्हणायचे, कारण चालायला शिकायच्या आधी ती कपाटावर चढली होती. पुढे तर भिंतच काय, हवेलाही धरून चढेल अशी झाली. एकदा हॉलचा वरचा झरोका फुटला. शिडी पोचेना. ही पाइपवरून वर गेली आणि काच बसवायला लागली. आत्ताचे अध्यक्ष, ते जरा देहाने भरलेले आहेत, खालून ओरडले, "उतर गं कार्टे, पडशील."

"पडले तर तुमच्यावर पडेन, अध्यक्षकाका," ती वरून म्हणाली. "गादीच आहे खाली, मला नाही लागणार."

तिची आई दारात उभी होती. पदरात तोंड लपवून हसत होती, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने दाराची चौकट घट्ट धरून होती. दोन्ही मी पाहिलं.

खारू पुढे डोंगर चढायला लागली. मग मोठे डोंगर. मग बर्फाचे. पेपरात फोटो आला तेव्हा अध्यक्षांनीच तो हॉलच्या फळ्यावर लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "आमच्या समोरच राहते." शेवटच्या वेळी ती आणखी दोघांबरोबर गेली आणि वादळ आलं. त्या दोघांचे देह बर्फात सापडले. ही सापडली नाही. कमरेला बांधायचा तिचा दोर सापडला. पण तुटलेला नव्हता, गाठ नीट सोडवलेली होती. हवा बिघडली म्हणून शोध थांबवला. तिचं सामान घरी आणून दिलं तेव्हा आईने तो दोर हातात घेतला, गाठीची जागा चाचपली आणि एकच वाक्य बोलली, "तिने स्वतः सोडलाय. म्हणजे ती कुठेतरी निघाली होती."

लोक माना हलवायचे. आईचं काळीज, म्हणायचे. पण आपापसात बोलताना ती 'होती' असं बोलायला लागले होते.

सभागृहाचा वर्धापनदिन जवळ आला होता. पाहुणे यायचे होते. अध्यक्ष रखवालदार काकांना म्हणाले, "नाव तेच, पट्टी तयार. योगच म्हणायचा." गिर्यारोहण क्लबकडून मोठा केलेला फोटो आला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. त्यात ती हसत होती, नाक उन्हाने सोलपटलेलं. भर दुपारी काकांनी मला खाली उतरवलं, मागचे खिळे वाकवले, तिला बाईंच्या पुढे सरकवलं आणि खिळे पुन्हा दाबले. जागा नव्हती. माझी पाठ पोट आल्यासारखी फुगली. काच चारही जणांवर दाबून बसली.

मी घाबरले, मित्रांनो. वॉर्डाचा माणूस आत गेला तो बाहेर आला नाही, हे मला माहीत होतं. माझ्यात आलेलं कुणी परत गेलेलं नव्हतं.

काका मला उचलून खिळ्याला लावणार एवढ्यात आई आत आली. तिच्या हातात उद्याच्या कार्यक्रमासाठी इस्त्री केलेली टेबलाची कापडं होती. तिने माझ्याकडे पाहिलं. कापडं खुर्चीवर ठेवली, घडी न मोडता.

"काढा तो," ती म्हणाली.

अध्यक्ष स्टेजवरून उतरून आले. "वहिनी, अहो सन्मान आहे हा. गावाला अभिमान वाटतोय तिचा."

"मग ती आली की तिला द्या सन्मान. भिंतीला कशाला देताय?"

"वहिनी, मनाची तयारी करायला हवी आता."

"माझ्या मनाची तयारी तुम्ही कोण करणार? तुमच्या शर्टाची कॉलरसुद्धा मला करून द्यावी लागते. काढा."

अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. काका आधीच पक्कड घेऊन बसले होते. त्यांनी मला टेबलावर पालथं घातलं, खिळे सोडवले, पाठीची फळी उचलली, आणि माझ्यातून माणसं बाहेर आली. आधी डॉक्टर, मग गोलकीपर, त्याला चिकटलेल्या बाई, मग खारू. काकांनी बाईंना हळूच सोडवून घेतलं आणि चौघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. किती वर्षांनी डॉक्टरांना उजेड लागला. त्यांची कडा तपकिरी झाली होती आणि मिशीचा अर्धा भाग बाईंकडे राहिला होता.

"हे कोण?" आईने विचारलं.

"आधीचे," काका म्हणाले. "याच नावाचे."

"म्हणजे उद्या माझ्या पोरीवर आणखी कुणी येणार."

अध्यक्ष खाकरले. "तसंच काही नाही. आता त्याच नावाचं कुणी मोठं झालं तर..."

"तुमचं पहिलं नाव काय हो?" आई म्हणाली. "तुमची पट्टी आधीच करून ठेवा. पुठ्ठ्याला कामी याल."

काकांनी पक्कड तोंडापुढे धरली. हसू लपवायला असेल.

मग आई टेबलाजवळ आली. दोन्ही हात टेबलावर टेकले आणि तिने हाक मारली, "खारे."

काहीच झालं नाही. टेबलावर चार फोटो, चारही गप्प.

मग तिने पट्टीवरचं नाव घेतलं. शाळेत घातल्यापासून ते नाव तिने बहुतेक कधी घेतलंच नसेल, कारण ते तिच्या जिभेवर परक्याच्या नावासारखं आलं. पण हाक आईची होती. घरातून मारलेली, जेवायला बोलावल्यासारखी.

डॉक्टरांचा कागद कोपऱ्यातून उठला. गोलकीपरचा डावीकडची कड उचलून टेबलावर आपटला. बाईंचा नुसता थरथरला, कितीतरी वेळ. तिघांनाही वाटलं होतं, शेवटी आपल्यालाच बोलावलंय.

खारूचा फोटो जागचा हलला नाही.

मी बघत होते, मित्रांनो, श्वास असता तर रोखून धरला असता. माझ्यात असणाऱ्यांपैकी ती नव्हती. तिचा फोटो होता, ती नव्हती. हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण लाकडाला तोंड कुठे?

"पंख्याचा वारा," अध्यक्ष म्हणाले. आणि टेबलापासून एक पाऊल मागे सरकले.

"वीज सकाळपासून गेलीय," काका म्हणाले.

"मग दाराचा. आणि तो चौथा जाड पुठ्ठ्यावर आहे, तो कसा हलेल?"

असेलही. मी कुणाशी वाद घालत नाही. आईनेही घातला नाही. तिने मुलीचा फोटो उचलला, पदराने पुसला आणि काखेत घेतला. जाता जाता वळली, उरलेल्या तिघांवर हात फिरवला आणि नाक मुरडलं. "किती ओले झालेत. असे परत कोंबलेत तर कुजतील. माझ्याकडे द्या."

तिने ते लाँड्रीत नेले. टीपकागदात ठेवून ओल काढली, मग दोरीवर चिमटे लावून सावलीत वाळवले. वर्धापनदिनाला पाहुणे आले, भाषणं झाली आणि डाव्या भिंतीवर माझ्या मापाचा फिकट चौकोन तेवढा होता. दुसऱ्या दिवशी तिने तिघांना आणलं, तीच दोरी समोरच्या भिंतीवर बांधली आणि तिघांना लावलं, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. खाली काकांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिलं: डॉक्टर. गोलकीपर. गाणाऱ्या बाई. आडनावंसुद्धा शोधून लिहिली. अध्यक्षांनी दोरीकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, पण बोलायची छाती झाली नाही. कॉलरचा प्रश्न होता. भिंतीवरचा चौकोन मात्र त्यांना बघवेना, म्हणून मला परत टांगलं. रिकामी. नुसती काच, मागे फळी आणि खाली पट्टी.

आता लोक माझ्यासमोर थांबतात आणि काचेत स्वतःचं तोंड दिसलं की दचकून बाजूला होतात. समोरच्या दोरीवरचे तिघे अजून हाकेला उठतात. चिमटे टकटक वाजतात. पण आता त्यांना मोकळं उठता येतं.

कापडं पोचवायला आली की आई माझ्यापुढे थांबते. हॉल रिकामा आहे ना, ते बघते. मग हळू आवाजात ते नाव घेते आणि माझ्या काचेवर तळहात ठेवते. समोरचे चिमटे वाजतात, त्याकडे ती लक्ष देत नाही. ती फक्त माझ्याकडे कान लावते. तो एक क्षण माझ्या जिवावर येतो. मला वाटतं, आतून आता बारीकसा धक्का बसेल. वजन नसलेलं काहीतरी पाठीला टेकेल. मी कोपरे घट्ट आवळून धरते, तो भुशाने बुजवलेलासुद्धा. काही होत नाही. आई हात काढते आणि जाते. तेवढ्यावर तिचा आठवडा निघतो.

परवा तिने अशीच हाक मारली आणि "ओ" आली.

तिचा हात काचेवरच गोठला. माझंही पाणी पाणी झालं. पण आवाज माझ्यातून नव्हता. मागून, दारातून होता. तिथे एक चिमुरडी उभी होती, बुद्धिबळाच्या क्लासला लवकर आलेली, एका हातात बूट, एक पायात.

आई वळली. "तुझं नाव हेच का गं?"

"हो," मुलगी म्हणाली. माझ्या पट्टीकडे पाहिलं आणि घाईने म्हणाली, "पण ते मी नाही हां, मावशी. मी अजून काहीच केलं नाहीये."

आईने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग खाली बसली, तिचा दुसरा बूट पायात घातला आणि नाडी बांधून दिली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "इतक्यात करूही नकोस."

मित्रांनो, अध्यक्ष पुन्हा म्हणायला लागलेत, चांगली सागवानी फ्रेम वाया जातेय, काहीतरी घाला तिच्यात. त्यांना कुणीतरी सांगा. मला पुसलं नाही तरी चालेल, पॉलिश नको, माझी पाठ दुरुस्त करू नका. जे गेले त्यांना त्यांची त्यांची जागा द्या. आणि जिची आई अजून हाक मारतेय, तिच्यासाठी मला रिकामी राहू द्या.